तळहातावरच्या देवी

भाऊजींनी आयुष्यात स्वतःच्या डोक्यावरून काही काढलं असेल तर ती टोपी. डोक्यातून मात्र कधी काही निघालं नाही, असं काकूंचं स्वच्छ मत होतं. भाऊजी म्हणजे काकूंचे धाकटे दीर. कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ते यंत्राबरोबर मिळणारी माहितीपत्रकं लिहायचे. 'झाकण पूर्ण बंद झाल्याशिवाय कळ दाबू नये.' एवढं एक वाक्य मात्र त्यांनी खरोखर चांगलं लिहिलं होतं. पुढे कंपनीला त्यांची गरज उरली नाही आणि भाऊजींनी जाहीर केलं, की आपण आता पूर्णवेळ लेखक. बेकार म्हणण्यापेक्षा हे बरं दिसतं.

बायको गेल्यावर ते नऊ वर्षांची मुलगी आणि दोन बॅगा घेऊन 'चार दिवसांसाठी' भावाकडे आले. मुलगी आता पंधराची झाली, तरी ते चार दिवस काही संपले नव्हते. लहानपणी ती इतकी किंचाळायची, की काकूंनी तिचं नाव टिटवी ठेवलं, आणि इथल्या शाळेत घातल्यावर तिथेही तेच पडलं. काकूंना स्वतःचं मूल नव्हतं. देवापाशी उभं राहून त्यांनी जे मागितलं होतं, ते त्यांना असं दुसऱ्याच्या बॅगेबरोबर मिळालं, आणि मिळाल्यावर त्यांनी देवाला पुन्हा कधी तोंड उघडून काही मागितलं नाही.

भाऊजींनी आधी हेरकथा लिहिल्या. खुनी कोण ते दुसऱ्याच पानावर कळायचं. मग भुताच्या कथा लिहिल्या. भूत माहितीपत्रकासारखं बोलायचं. शेवटी प्रकाशनवाल्या बाईंनी त्यांना बोलावून सांगितलं, "आता मुली वाचतात हो. पंधरा-सोळाच्या. त्यांना देवी द्या."

"कुठली देवी?" भाऊजींनी विचारलं.

"आपल्यातली नको. दुकानावर दगड येतील. ग्रीकांच्या घ्या. त्यांची बाजू घेऊन भांडायला आता कुणी उरलेलं नाही."

हे भाऊजींनी घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं. काकू वाटाणे सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "ज्यांना हात जोडणारं कुणी उरलं नाही, त्यांच्या वेण्या ओढायला कसली मर्दुमकी लागते, भाऊजी?"

"वहिनी, ही थट्टा नाही. नवं रूप आहे."

"रूप त्यांना होतंच. तुम्ही गणवेश घालणार, एवढंच."

आणि तसंच झालं. 'दहावी ब, ऑलिम्पस' या नावाची पुस्तकं एकामागून एक निघू लागली आणि खपूही लागली. बापाचं डोकं फोडून, चिलखत घालूनच जगात आलेली अथीना भाऊजींच्या हाताखाली चष्मा लावून पहिल्या बाकावर बसली, आणि गणितात दोन मार्क कमी पडले म्हणून मुतारीत जाऊन रडली. देवांची राणी हेरा वर्गाची मॉनिटर. सौंदर्याची देवी अफ्रोडाइटी आरशासमोर. आणि रानात एकटी हिंडणारी, धनुष्याला हात घातला की माणसं पळत सुटायची अशी आर्टेमिस, तिला यांनी शाळेच्या संघात घातलं आणि केसांना गुलाबी रबर लावलं. टिटवीनं शाळेच्या ग्रंथालयातून या देवींच्या जुन्या गोष्टींचं जाडजूड पुस्तक आणलं होतं, ते काकूंनी दुपारी बसून वाचलं. वाचताना मधे दोनदा उठून त्यांनी हात धुतले. परक्यांचा का असेना, देव तो देव. भाऊजींनी मात्र ते पुस्तक उघडलंही नव्हतं. 'फार रक्त आहे त्यात,' म्हणे.

मग मुली बोलतात कशा, रुसतात कशा, हे त्यांना कुठून कळायचं? सोपं होतं. घरात एक मुलगी आयती होतीच. टिटवी जेवताना काही म्हणाली, की भाऊजी खिशातून बॉलपेन काढून तळहातावर लिहून घेत. डाव्या तळहातावर अथीना, मनगटाकडे हेरा. मग शाई जाईल म्हणून हात धुवायचे नाहीत, चमच्यानं जेवायचं, आणि उठल्यावर हात तसाच उताणा धरून खोलीकडे जायचं, जशी काही मेंदीच ओली आहे. काकू म्हणायच्या, "बघा, निघाल्या पालखीतून."

टिटवी हसायची. तेव्हा ती हसत होती.

एका दुपारी ती काकूंबरोबर ताटं पुसत होती. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते. पुसता पुसता ताट हातातच धरून ती म्हणाली, "काकू, एक सांगू? हसायचं नाही."

"मी कधी हसले?"

"आईचा तो शेवाळी स्वेटर होता ना? तो विरला. पण एक बाही मी कापून ठेवलीये. रात्री हातात घालून झोपते." मग ताटाकडे बघत म्हणाली, "त्या बाहीत हात घातला की आतून कुणीतरी धरल्यासारखं वाटतं."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातातलं ताट घेतलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं आणि मांडणीत ठेवलं. "कुणाला सांगू नकोस," टिटवी म्हणाली. "नाही सांगत," काकू म्हणाल्या. त्या संध्याकाळी भाऊजी चमच्यानं जेवले, पण ते नेहमीचंच होतं.

नवा भाग लिहून झाला की भाऊजी तो चहाच्या वेळी घरात वाचून दाखवत. ऐकायला काकू, टिटवी आणि काकूंचे यजमान. यजमान एका गोदामात हिशेब बघत. ते ऐकता ऐकता डोळे मिटून घेत, आणि भाऊजींना वाटे, रंगले. त्या दिवशी भाऊजींनी घसा साफ केला आणि सुरू केलं. आर्टेमिसच्या दप्तरात स्वेटरची एक बाही सापडते. गुलाबी, कारण गुलाबी खपतं. आई मेलेली नाही, नोकरीसाठी परगावी, कारण मरण या वयाला झेपत नाही. वर्गातली मुलं ती बाही काठीला बांधून झेंड्यासारखी नाचवतात. मग भाऊजींनी आवाज बारीक केला, आर्टेमिस म्हणून, आणि वाचलं, "'त्या बाहीत हात घातला की आतून कुणीतरी धरल्यासारखं वाटतं!' सगळा वर्ग पोट धरून हसू लागला. शेवटी आर्टेमिसलाही हसू आवरेना."

वाचून त्यांनी वर बघितलं. "कसं वाटलं? विनोदी प्रकरण आहे."

यजमान डोळे न उघडता "हं" म्हणाले. टिटवीनं कप खाली ठेवला, बापाकडे बघितलंच नाही, काकूंकडे बघितलं आणि उठून गेली. बायकोच्या अंगावर दहा हिवाळे तो स्वेटर बघितलेला हा माणूस, आणि त्याला 'बाही' ऐकून एवढंच सुचलं, की प्रकरण विनोदी होईल.

काकू तिच्या मागोमाग गेल्या. "मी नाही सांगितलं गं."

"मग आर्टेमिसनं सांगितलं असेल."

"गॅलरीत खिडकीखाली बसले होते ते. तिथंच त्यांची खुर्ची असते."

"बाबा?" टिटवी म्हणाली. "जेवायला चारदा हाक मारली तरी त्यांना ऐकू येत नाही. आणि खिडकीतून आलेलं येतं होय?"

हे खरंच होतं. भाऊजींना हाक ऐकू येत नसे. फुकटचं काही असलं, तर मात्र मुंगीची पावलंही ऐकू येत.

त्यानंतर टिटवी घरात बोलेना. 'हो', 'नाही', 'ठेवलंय' एवढंच. ताटं पुसायला येई, पुसून जाई. इतक्या वर्षांत काकूंनी कमावलेलं असं एकच माणूस होतं, तेही हातातून निसटत होतं, आणि देवापाशी उभं राहिलं तरी मागणं ओठांवर येईना. शेवटी त्यांनी भाऊजींना गाठलं.

"तिला एवढंच सांगा, की तुम्ही खिडकीतून ऐकलं. आणि ते प्रकरण काढून टाका."

"वहिनी, लेखक आपली हत्यारं कुणाला दाखवत नाही."

"हत्यारं? कान लावलेत तुम्ही. मांजर लावतं तसे."

"तुम्हाला वाङ्मयातलं कळत नाही," भाऊजी म्हणाले. "आणि ऐका, टिटवीला तयार ठेवा. मुखपृष्ठावर आर्टेमिस म्हणून तिचाच फोटो छापायचाय. मी बाईंना हो सांगून टाकलंय."

"तिला विचारलंत?"

"तिला आवडेलच की!"

फोटो वाचनाच्या कार्यक्रमानंतर लगेच घ्यायचा होता. सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात मुलींना बोलावून, नवं पुस्तक छापण्याआधी त्यातलं एक प्रकरण वाचून दाखवायचं, अशी प्रकाशनवाल्या बाईंची युक्ती. टिटवी येणार नाही असंच काकूंना वाटत होतं. पण ती म्हणाली, "येते. फोटोचं तिथं सांगते." आणि केस विंचरून पुढे चालू लागली. काकू मागे.

सभागृह मुलींनी भरलं होतं. कुणी चांदीच्या कागदाचं शिरस्त्राण घातलं होतं, कुणाच्या पाठीला पुठ्ठ्याचं धनुष्य. काकूंना त्या पोरींची कीव आली. बिचाऱ्या देवीला शोधत आल्या होत्या आणि भेटणार होते भाऊजी. भाऊजींनी नवा सदरा घातला होता. त्यांनी बाहीचंच प्रकरण वाचलं. मुली हसल्या. टिटवी दुसऱ्या रांगेत ताठ बसून होती. तिच्या मांडीवर एक हात दुसऱ्या हाताला घट्ट धरून होता, एवढं काकूंना मागच्या कडेच्या खुर्चीवरून दिसत होतं.

शिरस्त्राणवाल्या मुलीनं हात वर केला. "सर, ते बाहीचं वाक्य किती खरं वाटतं! तुम्हाला असं सुचतं कसं?"

आता 'सुचतं' एवढंच म्हणून सुटायचं. पण भाऊजींची स्तुती झाली, की त्यांच्या तोंडाचं झाकण बंद राहत नसे. ते खुर्चीत मागे रेलले. "लेखकानं कान उघडे ठेवावेत. माझी बसायची जागा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे. बायकांना वाटतं आपल्याला कुणी ऐकत नाही. हे वाक्य तिथूनच टिपलं, तळहातावर, हे असं!" आणि त्यांनी हात उंचावून सगळ्यांना दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काकूंनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

टिटवीनं वळून मागे बघितलं. काकूंना शोधलं. किती दिवसांनी ती त्यांच्याकडे सरळ बघत होती. मग ती उभी राहिली.

"मी आर्टेमिसची खरी गोष्ट सांगू?"

"सांग, सांग," भाऊजी कौतुकानं म्हणाले. "ही माझी मुलगी बरं का."

"आर्टेमिस रानात झऱ्यावर आंघोळ करत होती," टिटवी सांगू लागली. आवाज आधी बसलेला होता, मग निघाला. "एक शिकारी तिथं आला. झाडाआडून बघत राहिला. त्याला वाटलं, आपण नुसतं तर बघतोय. तिनं त्याला बघितलं आणि ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर उडवलं. त्याला शिंगं फुटली. हरीण झालं त्याचं. त्याचेच शिकारी कुत्रे धावत आले. त्यानं वाढवलेले. तो त्यांना नावांनी हाका मारायला गेला, 'अरे, मी आहे, मी!' पण तोंडातून आवाजच फुटेना. आणि कुत्र्यांना वाटलं, काय छान शिकार आहे."

सभागृहात पुठ्ठ्याचं धनुष्य हललेलं ऐकू आलं असतं. आणि त्या शांततेत बॉलपेनची टिचकी वाजली. भाऊजी डाव्या हातावर लिहून घेत होते. 'ओंजळभर', 'आवाजच फुटेना'. चांगलं मिळत होतं, सोडायचं कशाला?

शिरस्त्राणवाली मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही लिहून घेताय?"

"हो! फारच छान सांगते ती, नाही?"

"सर, ती तुमच्याबद्दल सांगतेय."

मग कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. "ती बाही हिची आहे का, सर?" "हिची आई कुठे असते?" "तुम्ही विचारलं होतं हिला?" "मग आम्ही हसलो ते हिला हसलो?" ज्या मुलींनी भाऊजींची पुस्तकं उशाशी ठेवली होती, त्याच चहूबाजूंनी प्रश्न टाकत होत्या. भाऊजी तोंड उघडत आणि मिटत होते. काकूंना त्यांचं सांत्वन करावंसं वाटलं नाही. कुणी त्यांना फाडत नव्हतं. विचारत होतं, इतकंच. पण ज्यानं जन्मभर कुणाला काही विचारलं नाही, त्याला तेही दातासारखं लागतं.

प्रकाशनवाल्या बाई टिटवीजवळ आल्या. "फोटोचं काय, बाळ?"

"नाही. आणि ती बाही काढा पुस्तकातून."

बाईंनी मुलींच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. "काढते," त्या म्हणाल्या. शरम नव्हती त्या बाईला, पण बाजार कळत होता.

घरी येताना भाऊजी मागे राहिले. टिटवी काकूंच्या शेजारून चालत होती. कोपऱ्यावर वळताना ती म्हणाली, "मांजर लावतं तसे कान, असं म्हणालीस ना त्यांना? मी ऐकलं होतं. पण मला वाटलं, तू उगाच बोलतेस."

"मी उगाच कधी बोलते?"

"रोज बोलतेस," टिटवी म्हणाली आणि काकूंच्या हातातली पिशवी घेतली.

स्वयंपाकघरात गेल्या गेल्या काकूंनी गॅलरीची खिडकी लावून घेतली. टिटवीनं फडकं घेतलं. एवढ्यात भाऊजी आले, टोपी काढली आणि काही झालंच नाही अशा सुरात म्हणाले, "वहिनी, चहा टाका. आणि जरा भूक लागलीय."

"आधी हात धुवा, बाबा," टिटवी म्हणाली, आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की आतून यजमानांनी "काय झालं?" विचारलं.

भाऊजी नळापाशी गेले. साबण उचलला. मग थांबले, डावा हात डोळ्यांजवळ नेला आणि ओठ हलवत हलवत सगळं एकदा वाचून पाठ केलं. त्यानंतरच नळ सोडला.