भिंतीकडे तोंड केलेलं चित्र

माझ्या ज्या चित्राबद्दल लोक अजून विचारतात, ते माझ्याकडे नाही. त्याचा धड फोटोही नाही. फोनमध्ये होते तेवढे मी पुसून टाकले. "ती भाजीवाली दाखवा ना," असं कोणी म्हटलं की "नाही माझ्याकडे" एवढंच सांगते. समोरच्याला वाटतं, बाई भाव खातेय. वाटू दे.

कळवणहून मी नाशिकला आले ती चित्रकलेच्या पदविकेसाठी, आणि पदविका झाल्यावर परत गेले नाही. पंचवटीतल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. खिडकी उत्तरेला होती, उजेड दिवसभर सारखा राहायचा, म्हणून घेतली. पाणी एकच वेळ येतं हे नंतर कळलं. पोटासाठी सकाळी मुलांना चित्रकलेच्या परीक्षेचं शिकवायचं. मधूनमधून भिंती रंगवायची कामं मिळायची. एका बालवाडीच्या भिंतीवर मुख्याध्यापिकाबाईंच्या हट्टापायी मी गुलाबी हत्ती काढला आहे. तो अजून तिथे आहे आणि मी त्या रस्त्याने जात नाही. तेव्हा कोणी काय करतेस विचारलं, तर "क्लास घेते" म्हणायची. चित्रकार म्हणायला जीभ रेटत नव्हती.

बुधवारी मात्र क्लासला सुट्टी. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, बाजार भरतो, आणि मी वही घेऊन दिवसभर तिथे फिरायची. पहिल्या काही आठवड्यांतच एका पालेभाजीवाल्या मावशींनी मला हटकलं.

"काय गं पोरी, मघापासून कागदात काय करती?"

"तुमच्या मेथीचं चित्र काढतेय."

"मेथीचं?" त्या हसल्या. "मेथी खायची असती. आन् उभी राहून माझं गिऱ्हाईक आडवू नको. बस हितं."

त्यांनी शेजारी एक गोणपाट टाकलं. पुढची दोन वर्षं दर बुधवारी ते गोणपाट माझ्यासाठी अंथरलेलं असायचं. मी पोचायच्या आधी.

मावशी मखमलाबादच्या पुढच्या एका खेड्यातून यायच्या. मुलगा पहाटे टेम्पोने सोडून जायचा, संध्याकाळी न्यायला यायचा. त्यांची जागा घाटाच्या दगडी भिंतीला लागून, अगदी कोपऱ्यात. मी त्यांचे हात काढले, पाय काढले, जुड्या बांधताना वाकलेली पाठ काढली. त्यांची एकच अट होती. अट म्हणून कधी बोलल्या नाहीत, पण मोडूही दिली नाही: संध्याकाळी निघायच्या आधी वही त्यांच्या हातात द्यायची. ओल्या बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्या आधी लुगड्याला हात पुसायच्या, मग पान उलटायच्या. "हात बराबर हायेत. नाक कोणाचं लावलं?" असं परीक्षण व्हायचं. कॉलेजातल्या सरांना मी उलट बोलायची, मावशींना कधी बोलले नाही. नाक खरंच चुकलेलं असायचं.

ते चित्र ज्या दुपारचं, ती वैशाखातली होती. दीडच्या सुमाराला बाजार ओसरतो. शेजारचा कांदेवाला पाटीला डोकं टेकून घोरत होता. मावशींनी मोठी छत्री वाटेकडे कलती केली, इतकी की पलीकडून कोणाला काही दिसू नये. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूच हायेस ना. लागू दे जरा वारं." आणि त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला.

दोन वर्षांत मी त्यांचं डोकं पाहिलं नव्हतं. त्यांनी बुचडा सोडला, केस खांद्यावरून पुढे घेतले, डोळे मिटले आणि बोटांनी गुंता काढत बसल्या. केस अर्धे पांढरे, कमरेपर्यंत. चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं: गिऱ्हाईक, मुलगा, घर, सगळं. साठीतली ती बाई आणि एखादी सोळा वर्षांची मुलगी एकाच वेळी तिथे बसल्यासारखी वाटली. माझा हात चालू लागला. दहा मिनिटं असतील. त्यांनी डोळे उघडायच्या आत मी वही मिटली.

संध्याकाळी त्यांनी हात पुसून पुढे केला. "दाव."

"आज काही जमलंच नाही, मावशी," मी म्हणाले.

हे मी का केलं, याची पुष्कळ उत्तरं मी स्वतःला दिली आहेत. खरं एकच आहे. वही दाखवली असती, तर त्या नाही म्हणाल्या असत्या, हे मला ठाऊक होतं.

त्या दहा मिनिटांचं मी तैलरंगात चार फुटांचं चित्र केलं. अडीच महिने लागले. तसं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही झालेलं नाही. शहरातल्या एका प्रदर्शनात आम्हा सात जणांची चित्रं लागली, आणि लोक त्या एकाच चित्रासमोर थांबायला लागले. माझेच जुने सर येऊन गप्प उभे राहिले. त्यांचं गप्प राहणं ही मोठीच गोष्ट होती. महामार्गावरच्या एका हॉटेलच्या मालकांनी ते विकत घेतलं. एका वर्तमानपत्राने रविवारच्या पुरवणीत अर्धं पान भरून छापलं, खाली माझं नाव. तो अंक घेऊन मी सकाळच्या पहिल्या एसटीने कळवणला गेले.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. माझ्या आईने घरातसुद्धा डोक्यावरचा पदर ढळू दिलेला मला आठवत नाही. तिने कागद खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "तिला विचारलं होतं का?"

मी भडकले. माझा स्वभावच तसा. जिथे चुकते तिथे आवाज चढतो. "आई, तुला चित्रातलं काही कळत नाही," म्हणाले. आईने कागद नीट घडी करून कपाटात ठेवला. जेवताना मी एकटीच बोलत होते.

पुढच्या बुधवारी बाजारात गेले, तर गोणपाटावर शेपूच्या जुड्या मांडलेल्या होत्या.

मी उभी राहिले. मावशी गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. ते गेलं, दुसरं आलं, तेही गेलं. मग त्यांनी पाटीखालून वर्तमानपत्राचं पान काढलं. वाचता येत नव्हतं त्यांना, पण स्वतःला ओळखायला वाचता कशाला यायला हवं? पान त्यांच्या पुतण्याने घरी आणून दाखवलं होतं. त्याच्या फोनवरून ते गावातल्या सगळ्यांच्या फोनवर गेलं होतं. त्यांच्या थोरल्या दिरांच्याही.

"चाळीस वर्सं झाली लगीन होऊन," मावशी म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "थोरल्यांच्या म्होरं मी कधी उघड्या डोक्यानं गेले नाय. परवा ते वट्यावर बसले व्हते. मला पाहून त्यांनीच मान खाली घातली."

मी काहीतरी बोलायला गेले. चित्र किती चांगलं झालंय, लोक किती भारावून पाहतात, असलं काहीतरी. त्यांनी हात वर केला.

"चित्र चांगलं हाय. मीच हाय ती, नाकबी बराबर हाय. पण ते तुला दावलं व्हतं गं. गावाला नाय." मग पान पुन्हा पाटीखाली सारलं. "आता हितं बसू नको."

मी घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. रडू आलं, पण आधी राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. माझी दोन वर्षं, माझे अडीच महिने, पहिल्यांदाच झालेलं नाव, आणि एका पदरापायी ही बाई मला बाहेर काढते! बाजार उठेपर्यंत तो राग टिकला. तिचा मुलगा टेम्पो घेऊन आला, माझ्याकडे न बघता पाट्या उचलू लागला. नेहमी "काय ताई, आज किती पानं?" विचारायचा. तेव्हा राग गेला आणि उरलं ते फार वाईट होतं. तिने छत्री कलती केली होती, ती माझ्या भरवशावर. बाई म्हणून तिने मला छत्रीच्या आत घेतलं आणि मी आतून बाहेर चित्र नेलं.

त्यानंतर वर्षभर मी बाजारात गेले नाही. काम मात्र वाढत गेलं. लोक आता घरी येऊन चित्रं घ्यायचे, क्लास बंद करता आले, आणि मी न अडखळता "चित्रकार" म्हणायला लागले. मग मुंबईच्या एका मोठ्या कलादालनातून फोन आला. तरुण चित्रकारांचं प्रदर्शन होतं, त्यांना माझी सहा चित्रं हवी होती. "पण ती भाजीवाली हवीच," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "निमंत्रणपत्रिकेवर तीच छापणार आहोत. हॉटेलवाले द्यायला तयार आहेत." मी विचारलं, त्याऐवजी दुसरं चालेल का? मी कारणही सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "पण आता हरकत कोणी घेतलीय का?"

हरकत कोणी घेतली नव्हती, आणि घेणारही नव्हतं. मावशी तक्रार घेऊन कोणाकडे जाणार होत्या?

दोन दिवस मी खिडकीशी बसून काढले. मुंबईची वाट मी कॉलेजपासून पाहत होते. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या मालकांकडे गेले. चित्र स्वागतकक्षात लागलं होतं, खाली सोफा, सोफ्यावर बॅगा घेऊन बसलेली माणसं. एक गृहस्थ त्या चित्राला पाठ टेकून फोनवर बोलत होता. मालकांना मी म्हणाले, हे मला परत द्या, याच्या बदल्यात माझी तुम्हाला आवडतील ती तीन घ्या. त्यांनी मला वेडं ठरवलं. पण माणूस भला होता. महिनाभराने का होईना, तयार झाले. मुंबईला मी चार दुसरी चित्रं पाठवली. ती परत आली, आणि पुढे तिकडून फोनही आला नाही.

चित्र खोलीवर आणलं आणि त्याच्यासमोर रंग घेऊन उभी राहिले. डोक्यावरून पदर रंगवायचा, की झालं. हिरवा कालवला, काठाचा लालही काढला. ब्रश टेकवला नाही. पदर रंगवून मी कोणाची समजूत घालणार होते? ती दुपार खोटी नव्हती, खोटी मी होते.

जुन्या चादरीत गुंडाळून ते रिक्षात घातलं आणि मावशींच्या गावी गेले. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण सुनेला म्हणाल्या, "पानी दे तिला." मी चादर सोडली नाही. म्हणाले, "मावशी, हे आता कोणाच्याच भिंतीवर नाही. तुमचं आहे. जाळा, फाडा, काहीही करा. त्या दिवशी वही दाखवायला पाहिजे होती. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड तवाच सांगत व्हतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आतल्या खोलीत कोठीमागं ठेव. भिंतीकडं तोंड कर त्याचं."

कोठीमागे जागा अपुरी होती. मी धान्याचं एक पोतं सरकवलं, चित्र उलटं उभं केलं. कॅनव्हासची मागची कोरी बाजू आणि लाकडी चौकट तेवढी दिसत होती. माझं सगळ्यात चांगलं चित्र तिथे सोडून मी बाहेर आले. जीव तुटला. चहा घेतला आणि निघाले. बुधवारी ये, असं त्या म्हणाल्या नाहीत.

तरी मी गेले. लगेच नाही, दिवाळीनंतर. कोपऱ्यात त्या तशाच बसल्या होत्या, थोड्या वाळलेल्या वाटल्या. गोणपाट घडी करून भिंतीशी ठेवलं होतं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "वही आणलीय का?"

"नाही."

"मग बस."

मी स्वतःच गोणपाट उलगडलं आणि बसले. कोथिंबिरीचा भारा माझ्या पुढ्यात आला. जुड्या बांधताना दोन वर्षं पाहिलं होतं, पण बांधता येत नव्हत्या. माझी प्रत्येक जुडी त्या मुकाट्याने सोडून परत बांधत होत्या.  आता मी महिन्यातून दोनदा तरी जाते. चित्रं दुसरीकडे काढते, दुसऱ्या माणसांची, आणि रंगवायच्या आधी वही त्यांच्या हातात देते. पुष्कळदा नको म्हणतात. मग ते पान वहीतच राहतं.

गेल्या उन्हाळ्यात, अशाच एका दीडच्या सुमाराला, मावशींनी छत्री ओढून कलती केली. मी खाली मान घालून जुडी बांधत राहिले.

"बघ की," त्या म्हणाल्या.

पदर खांद्यावर होता. केस मोकळे सोडले होते, पहिल्यापेक्षा पांढरे, पण तेवढेच लांब. त्यांनी मूठभर उचलून माझ्यापुढे धरले.

"हायेत का नाय दाट? तू लय पातळ काढलेत. चार वेळा पाहिलं मी."

चार वेळा. त्या कोठीमागून, पोतं सरकवून, ते जड चित्र त्या बाईने चार वेळा फिरवलं होतं. माझी बोटं आपोआप आवळली, पेन्सिल धरतात तशी. बोटांत कोथिंबीर होती.

"हो," मी म्हणाले, "चुकलंच माझं."

त्यांनी डोळे मिटले आणि गुंता काढत बसल्या. मी राहिलेल्या जुड्या बांधल्या.