मावशीच्या पाण्यात टाकलेली गोळी

लांबच्या सायकल राईडला काय खावं, हे मला आजवर जितक्या जणांनी विचारलंय तितक्यांनी माझी तब्येतही विचारली नसेल. मी कॉलेजात गणित शिकवते. पन्नाशीला टेकलेली बाई दोनशे-तीनशे किलोमीटर सायकल हाणते म्हटल्यावर लोकांना वाटतं, हिच्याकडे काहीतरी गुपित असणार. गुपित कसलं डोंबलाचं! दर पाऊण तासाला थोडं थोडं खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही, झालं. हे मी मोठ्या ऐटीत सांगते. पण मुळशीच्या रस्त्यावर एका घरी मी जे खाल्लं नाही, ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

माझा रविवारचा रस्ता ठरलेला. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मग धरणाच्या कडेकडेनं ताम्हिणी आणि तिथून परत. आमच्या जर्सीला पाठीमागे तीन खिसे असतात. डावीकडे खजूर आणि चिक्की, मधे मीठ लावलेले उकडलेले बटाटे, उजवीकडे क्षारांच्या गोळ्यांची नळी. घाम फार गेला की नुसतं पाणी पुरत नाही. बाटलीत एक गोळी टाकायची, ती फसफसून विरघळते आणि पाणी लिंबू-मिठासारखं लागतं. शिवाय एक नियम असा, की राईडच्या दिवशी सवयीचं नाही ते तोंडात घालायचं नाही. हा नियम मला पिरंगुटच्या एका झणझणीत मिसळीनं शिकवला. ती मी चवीनं चापली आणि पुढच्या चढावर सगळी रस्त्याच्या कडेला काढून टाकली. तेव्हापासून नियम म्हणजे नियम. विद्यार्थी मला उगाच खडूस म्हणत नाहीत.

पौडच्या बऱ्याच पुढे रस्त्याला लागून एक घर आहे. पुढे ओटा, अंगणात बांबूवर निळा झेंडा, दारातून दिसणारी बुद्धाची तसबीर. एकदा परतताना पाणी संपलं म्हणून मी तिथं थांबले. साठी ओलांडलेली एक बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं बरीच वर्षं काढली होती, मुलगा उरवड्याच्या कारखान्यात कामाला, घरी ती आणि सून. तिनं आतून माठातलं पाणी आणलं आणि माझ्या बाटलीच्या एवढ्याशा तोंडात थेंबही न सांडता ओतलं.

"येकटीच फिरतीस? घरच्यांनी सोडलं व्हय?" तिनं विचारलं.

"सोडलं कुठलं, कंटाळले मला," मी म्हणाले. ती खळखळून हसली. तेव्हापासून दर रविवारी मी तिथं थांबू लागले आणि ती माझी मावशी झाली.

माझ्या खिशातल्या बटाट्यांची तिला भारी गंमत वाटायची. "पाठीला जेवान बांधून हिंडतीस आन् शेळीवानी चालता चालता खातीस. बसून खावं मान्सानं," ती म्हणायची. चहा घे, भात टाकते, निदान गुळाचा खडा तरी घे, असा दर खेपेला तिचा आग्रह चालायचा. मी दर खेपेला 'पुढच्या वेळी' म्हणून सटकायची. शेवटी एका रविवारी तिनं मला धरलंच. "म्होरच्या रविवारी हितं बसून जेवायचं. काय?" मी हो हो म्हटलं. आपण वाटेत भेटलेल्याला 'या एकदा घरी' म्हणतो, तसं ते हो होतं. पौड यायच्या आत मी ते विसरूनही गेले.

ती विसरली नव्हती. पुढच्या रविवारी ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती आणि ताट झाकून ठेवलं होतं. तिनं झाकण काढलं. हुलग्याची शेंगोळी, तांदळाची भाकरी, फोडलेला कांदा. वाफ येत होती, म्हणजे माझी वेळ धरूनच केलं होतं. मी मात्र त्या दिवशी घड्याळाला जुंपलेली होते. तीनशे किलोमीटरची राईड तोंडावर आली होती आणि मी ठरवलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं मागे होते.

"नको मावशी, राईडला मी माझ्याजवळचंच खाते."

"थोडंसं घे गं."

"नको."

"येक शेंगोळं तरी. तुझ्यासाटी केलंय."

"नको म्हटलं ना!"

हा माझा वर्गातला आवाज होता. तिनं ताट पुन्हा झाकलं. मग आत जाऊन पाणी घेऊन आली आणि माझी बाटली भरली. मी तिच्यासमोरच उजव्या खिशातून नळी काढली, गोळी टाकली, फसफस थांबेपर्यंत बाटली हलवली आणि मग प्याले. हे मी दर रविवारी तिच्यासमोरच करत आले होते. वर मधल्या खिशातला बटाटा काढून, तो खात खात सायकलवर बसले. आज हे लिहिताना कान तापतात, पण त्या दिवशी मी उरलेला रस्ता दहा मिनिटं भरून काढल्याच्या आनंदात कापला.

त्यानंतरच्या रविवारी मावशी ओट्यावर नव्हती. मी हाक मारली तेव्हा दारात आली आणि म्हणाली, "अंगनात नळ हाय तितं. भरून घ्या."

'घे'चं 'घ्या' झालेलं कानाला खटकलं, नाही असं नाही. पण मला वाटलं, हिला माझी घाई कळली. बरंच झालं, बोलण्यात जाणारा वेळ वाचला! नंतर दोन-तीन महिने मी त्या नळावर पाणी भरत राहिले. सायकलवाल्या मंडळींना वर सांगितलंही, की पौडच्या पुढे पाण्याची उत्तम सोय आहे.

मार्चच्या शेवटी ऊन तापलं. त्या रविवारी चिक्कीचं पुडकं घाटात कुठंतरी खिशातून पडलं आणि बटाटे मी मोजून दोन कमी घेतले होते. गणिताची मास्तरीण, आणि बेरीज चुकली. धरणाच्या कडेनं परत येताना हात कापायला लागले आणि डोळ्यांपुढे रस्ता हलू लागला. कशीबशी त्या घरापाशी आले, सायकल आडवी टाकली आणि न विचारता ओट्यावर बसले.

सून बाहेर आली. माझ्याकडे बघितलं आणि पळतच रस्त्यापलीकडच्या दुकानात गेली. येताना तिच्या हातात बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली होती.

"पाकीटबंद हाय," ती म्हणाली. "फोडलेलं न्हाई. हे तरी चालंल ना तुमाला?"

मला कळेना. "चालेल म्हणजे?"

ती सासूला आत्या म्हणते. अजिबात न रागावता तिनं सांगितलं, "आत्या म्हनत्यात, तुमाला आमच्या घरचं चालत न्हाई. पानी बी तुमी गोळी टाकूनच पिता. असत्यात काही लोकं तशी. म्हनून दुकानातनं आनलं."

भुकेनं येणारी चक्कर वेगळी असते. ही दुसरी चक्कर त्या भुकेच्या चकरेवर आली. माझ्या माहेरी कामाच्या बाईंचा कप वेगळा असायचा, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. तो कप मी कॉलेजात असताना आईशी भांडून आत आणला होता आणि त्या एका कपावर मी आयुष्यभर स्वतःला शहाणी समजत आले होते. आणि आता या घरात माझ्याबद्दल ठरलं होतं, की मी कप वेगळा ठेवणाऱ्यांतली आहे. चुकीचं ठरलं, असं म्हणायलाही मला तोंड नव्हतं. कारण ज्या रविवारी मी शेंगोळी नाकारली, त्याच दिवशी सकाळी जाताना पौडच्या स्टँडवर मी वडापाव खाल्ला होता. गरम दिसला, खाल्ला. तिथं नियम आठवला नाही, मग मावशीच्या ओट्यावरच तो का आठवला? घाई होती, वडापाव तरी सवयीचा होता, अशी कारणं मी हवी तितकी देऊ शकते. पण उत्तर बरोबर असलं की एक कारण पुरतं, हे मीच मुलांना शिकवते. खरं उत्तर मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मावशी आतून सगळं ऐकत असावी. ती दारात आली तशी मी नळी तिच्यापुढे धरली.

"मावशी, हे नुसते क्षार आहेत. मीठच म्हणा. माझ्या घरच्या पाण्यातसुद्धा टाकते मी."

तिनं नळी हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली. "असंल," ती म्हणाली.

"चुकलं माझं. मला भाकरी द्या, मावशी."

ती माझ्या कापणाऱ्या हातांकडे बघत राहिली. "आदी ती बिस्किटं खावा," ती म्हणाली. "आज भुकंनं मागताय तुमी. भूक नसंल तवा या."

मी बिस्किटं खाल्ली. पुडा संपेपर्यंत सून माझ्याजवळ उभी होती. मावशी आत निघून गेली.

पुढच्या रविवारी मी सायकल घरीच ठेवली. पोटभर पोहे खाल्ले, बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि एसटीनं गेले. मावशीनं डबा उघडला आणि एक लाडू तिथंच खाल्ला. इतकं साधं होतं ते. मग तिनं सतरंजी अंथरली, ताट वाढलं आणि समोर बसली. शेंगोळी होती, भाकरी होती, कांदा होता. पोह्यांनी पोट भरलेलं असतानाही मी सगळं संपवलं.

आणखी घे, असं ती म्हणाली नाही. सूनही म्हणाली नाही. शेवटी मीच ताट पुढं केलं आणि अजून वाढा म्हटलं. तिनं अर्धी भाकरी वाढली, तीही मी खाल्ली. मग तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला, आणि मी ते नुसतं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवेपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत होती.