पंजा शेडमध्येच राहिला

माझं शेवटचं पोस्टिंग देहूरोडला झालं. घर मावळातलंच, त्यामुळं जो तो म्हणायचा, हवालदार, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटायचं. लष्करातल्या इंजिनिअर्सची आमची छोटी डिटॅचमेंट, म्हणजे तुकडी होती आणि मी ट्रॅक्टर-लोडर चालवायचो.

रिटायर झाल्यापासून फार्महाऊसवाले विचारायला येतात, जागा साफ करायचीय, लोडरला पुढं काय लावू? मी सांगतो, माती आणि सुटे दगड असतील तर बकेट. झुडपं, ओंडके, दगड असा एकात एक अडकलेला राडा असेल तर ग्रॅपल, म्हणजे उघडमीट करणारा लोखंडी पंजा. बकेट ढकलते. पंजा धरून उचलतो. त्यांना वाटतं, म्हातारा उगाच शिकवतोय. वाटू दे.

देहूरोडला असतानाच्या एका पावसाळ्यात आम्ही लोणावळ्याच्या डोंगरात फायरिंग रेंजचा रस्ता मोकळा करत होतो. सकाळी रस्त्यावर नुसते दगड होते, म्हणून सुभेदारसाहेबांनी बकेट लावायला सांगितली. बरोबरच होतं ते. पंजा कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला. दुपारी पुढं आडवी पडलेली झाडं लागली, तेव्हा पंज्याला ग्रीस मारून ठेवायला नाईक सदाशिव कांबळे शेडकडे गेला. तो खालच्याच वस्तीतला. जाताना म्हणाला, आज आईकडं जेवायला चला, तिनं सुकट केलीय. मी म्हटलं, आधी काम आटप.

दरड शेडवरच आली. मी वळून पाहिलं तर शेड नव्हती. झाडं, दगड आणि चिखल.

धावत जाऊन हाका मारल्या. मग आतून आवाज आला. टण्, टण्. पंज्यानं वरचा भार तोलून धरला होता आणि त्याच्या आडोशाला बसून सदाशिव लोखंडावर पाना आपटत होता. राडा अलगद उचलणारी एकच वस्तू आमच्याकडे होती, आणि ती त्याच्याबरोबर गाडली गेली होती. माझ्या मशीनला बकेट. साखळी बांधून एक ओंडका ओढून पाहिला, तर वरचा दगड सरकला आणि आत सदाशिव ओरडला.

"मशीन बंद," सुभेदारसाहेब म्हणाले.

मग हातानं. फावडी, पहारी, नखं. वरून पाणी उतरत होतं आणि आत साचत होतं. डेपोतून दुसरा पंजा घेऊन ट्रेलर निघाला होता. साहेबांनी वायरलेस सेट उचलला.

"ट्रेलर कुठं आहे? ओव्हर."

"भुशी धरणाच्या अलीकडं. पुढं गाड्याच गाड्या. हलायला जागा नाही. ओव्हर."

रविवार होता. धरणावर भिजायला आलेली माणसं. मी त्यांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या. त्यांना तरी काय माहीत.

सदाशिवची आई, यशोदामावशी, वस्तीवरून चढून आली. कुणी अडवलं नाही. ती चिखलात बसली आणि कान देऊन ऐकू लागली.

"वाजतंय न्हवं?" मला म्हणाली. "मंग जिता हाय माजा."

मी व्हय म्हटलं.

आवाज हळू होत गेला. मध्ये मध्ये थांबायचा, आम्ही हात थांबवायचो, की पुन्हा एकदा टण्. मग थांबला तो थांबलाच. आम्ही उकरत राहिलो. ती मात्र उठून उभी राहिली.

अंधार पडताना ट्रेलर आला. एकेक ओंडका धरून बाजूला ठेवला. चहा पिऊन व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम झालं. सदाशिव पंज्याला टेकून बसलेला होता, गळ्यापर्यंत चिखल, पाना हातात. मलाच मेल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटायचं अजून थांबलेलं नाही.

तो पंजा शाबूत निघाला. धुतला आणि पुन्हा कामाला लावला. सरकारी माल. मीच चालवायचो. एका दातावर पान्याचे घाव होते, तिथला रंग उडाला होता. मेंटेनन्सच्या वेळी ऑर्डर आली, पेंट मारा. सुभेदारसाहेब तोंड फिरवून उभे राहिले. मी मारला, दोन हात. घाव बुजले नाहीत. वरून हात फिरवला की लागायचे.

मावशी अजून त्याच घरात आहे. मी गेलो की भाकरी वाढते आणि एकच विचारते, किती वेळ वाजवत हुता? मी म्हणतो, लय वेळ, मावशी.

नाईक सदाशिव कांबळे. तो वाजवत होता, आणि आम्ही सगळे तिथंच होतो.