दहा मिनिटांचं घड्याळ

मंडळी, दुपारपासून चारदा लॅपटॉप उघडला आन् बंद केला. कामात मनच लागून नाही राहिलं.

मी अकोल्यात विमान तिकिटांची वेबसाइट बनवतो. दहा मिनिटांत पैसे भरा, नाहीतर सीट गेली. ते उलटं पळणारं घड्याळ मीच मोठ्या तोऱ्यात बसवलं.

आज शेजारच्या मावशी आल्या. लेकीच्या बाळंतपणाले बंगलोरले जायचं होतं, आन् मी माह्याच साइटवर तिकीट काढाले बसलो त एकच सीट उरली होती.

"मावशी, लवकर हो म्हणा!"

"थांब ना बापा, मोठ्या जाऊबाईले इचारतो. त्यायले न इचारता मी कुठीच गेली नाही."

जाऊबाई बाळापूरले, वावरात शेतकामाले गेलेल्या. फोन लागेना. घड्याळ संपलं, सीट दुसऱ्यानं घेतली.

मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुह्या घड्याळाच्या घरी कोणी मोठं माणूस नाही काय रे?"

सांगा, काय उत्तर देऊ त्यायले?