बाबांची उचकी
आज जेवताना मला उचकी लागली आणि आमच्या गावातली, एकोडीतली ती दुपार आठवली. बाबांचं थकलेलं हृदय नीट चालावं म्हणून नागपूरला त्यांच्या छातीत तीन तारांचा पेसमेकर बसवून आम्ही त्यांना नुकतंच घरी आणलं होतं. ओसरीत उकडलेल्या धानाचा वास होता. खाटेवर डाव्या कुशीला वळताच त्यांचं पोट उचकीसारखं उडू लागलं, थांबेचना. मी डॉक्टरांना फोन लावत येरझारा घालत होते, तर आई रीतीप्रमाणे आठवण काढणाऱ्याचं नाव शोधत होती. पवनीची आत्या झाली, साकोलीचा जावई झाला. शेवटी तिनं शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणातून बोलणं तुटलेल्या काकांचं नाव घेतलं. बाबांनी चिडून कूस बदलून भिंतीकडं तोंड फिरवलं आणि उचकी थांबली. “पाहा, तोच याद करून राहिला तुमाले,” आई म्हणाली. तिकडं डॉक्टर मला सांगत होते, तारेचा झटका पोटाच्या पडद्याला लागतो, डाव्या कुशीला झोपवू नका, उद्या आणा, मशीन जुळवून देऊ. मी ते सांगायला वळले, तर बाबा म्हणत होते, “बोलाव त्याले.” काका आले, खाटेशी बसले. बाबा त्यांच्याकडं वळले आणि पोट पुन्हा उडू लागलं. मी कूस बदला म्हणत राहिले, बाबा बदलेनात. आता दोघंही नाहीत. माझी उचकी नुसत्या पाण्यानं थांबली.