पखवाजाची कणीक

आमच्या वास्तुशांतीला बुवांनी माझा अर्धा पखवाज खाल्ला. वर तांब्याभर पाणी प्याले आणि ढेकर दिली.

घाबरू नका, लाकूड नाही खाल्लं! पखवाजाच्या डाव्या बाजूला भिजवलेल्या कणकेची चकती थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. कणीक सैल झाली तर ओघळते, घट्ट झाली तर गळून पडते. (इतकं नाजूक प्रकरण माझ्या आयुष्यात दुसरं नाही. सासऱ्यांची मर्जीसुद्धा त्यामानानं बरी.)

पखवाज मी धरला तो चाळिशीत. नव्वदच्या दशकात आम्ही वारणानगरच्या कॉलनीत राहायचो. माझा रियाज सुरू झाल्यावर शेजाऱ्यांनी आधी भिंत वाजवली, मग बदलीसाठी अर्ज केला. बदली मात्र माझी झाली! कोल्हापूरला आलो, पोरं कॉलेजात गेली, कळंब्याला प्लॉट घेतला, घर बांधायला काढलं. पखवाज काही सुटला नाही. बायको म्हणायची, "ह्या वयात मानसं गुडघ्याला त्याल लावत्यात, आन् तुमी बडवत बसलाय!"

माझं म्हणणं एकच होतं, बुवांच्या भजनी मंडळात एकदा वाजवायला बसायचं. बुवा माझे गुरू. दरवर्षी विचारलं की दरवर्षी तेच उत्तर, "हात बसला न्हाय अजून. फुडच्या वर्षी बघू." शेवटी मीच हट्टाला पेटलो, तेव्हा ते म्हणाले, "वास्तुशांतीला तुमच्याच घरात भजन ठेवा. एक अभंग सरळ वाजवा आन् मंडळात या. न्हाय जमलं तर पखवाज इका आन् गच्चीवर पाण्याची टाकी बसवा."

वास्तुशांतीच्या दिवशी पहाटे उठून मी जीव तोडून रियाज केला. मग पखवाजावरची कणीक काढली, वाटीत ठेवली, ओल्या फडक्यानं झाकली आणि वाटी स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवली. इथंच माशी शिंकली.

कारण स्वयंपाकघरात आक्का होती. माझी थोरली बहीण, नृसिंहवाडीहून सकाळीच आलेली. आक्कानं एकदा चुलीचा ताबा घेतला की माझी बायको स्वतःच्या घरात पाहुणी होते! पंगत बसली. पुरणपोळी आल्यावर बुवांनी ताटावर हात आडवा धरला.

"मला शुगर हाय. साधी चपाती आसंल तर वाढा."

थोड्या वेळानं मी कटाची आमटी वाढत आलो, तर बुवा डोलत होते.

"आक्का, चपाती हाय का लोणी! आन् मीठबी न्हाय. डागदरनं सांगितल्यागत!"

"मी नुसती लाटली बुवा," आक्का म्हणाली. "मळल्याली कणीक वाटीत झाकून ठेवल्यालीच हुती की."

आमटीचं भांडं माझ्या हातातून निसटता निसटता राहिलं. पहाटेपासून त्या कणकेला मी थपडा मारल्या होत्या! आक्काला मी आत गाठलं.

"आक्का, ती पखवाजाची कणीक हाय!"

"आगं बया! मग सांगायचं न्हाईस व्हय?" मग आवाज खाली आणून, "त्यास्नी आजून एक पायजे. घालू का नको?"

"उरलीया किती?"

"एकीपुरती."

गुरूला नाही कसं म्हणायचं? घातली.

घरातलं गव्हाचं पीठ पोळ्यांना संपलेलं. उरली होती ती पुरणपोळीची कणीक, हळद घातलेली, तेलात पोहणारी! "चिकटतीया की," आक्का म्हणाली. "माझी पोळी कवा फाटलीया का?" मी तीच थापली.

भजन सुरू झालं. सासरे पुढ्यातच बसले होते, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेच्या सुपरवायझरसारखे. पहिलं कडवं सुरेख गेलं. बुवांची मान हलली. मला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात लय वाढली आणि कणीक हळूहळू घसरायला लागली. मी पखवाज तिरका केला. ती आणखी घसरली. मी स्वतः तिरका झालो. टाळकरीही माझ्याकडे बघत तिरके झाले! शेवटी समेवर मी दणदणीत थाप मारली आणि कणीक उडाली ती थेट सासऱ्यांच्या छातीवर!

सासऱ्यांनी तो पिवळा गोळा दोन बोटांनी सोडवला. "जावईबापू, आहेर आमी करायचा आस्तोय. तुमी कशाला तरास घेतलासा?"

टाळ थांबले. सगळी खोली हसत सुटली. मला मात्र रडायला येत होतं. इतक्या वर्षांची मेहनत शर्टाला फासली गेली होती. मी हात जोडले.

"बुवा, चुकलं. ही पुरणपोळीची कणीक हुती."

"मग तुमची कुटं गेली?"

गुरूशी खोटं कसं बोलायचं?

"तुमच्या पोटात."

बुवांनी पोटावरून हात फिरवला.

"मळली कुनी हुती?"

"मीच."

"आसली कणीक आमच्यात एकालाबी जमत न्हाय. आमची निम्म्या अभंगात गळतीया. उद्यापास्नं मंडळात या."

मी पायच धरले. डोळे भरून आले. "वाजवायला?"

"मळायला!"

तर मी आता मंडळात आहे. दर गुरुवारी कणीक मी मळतो, थापतो दुसराच. त्याचंही काही वाटलं नसतं. पण बुवांचा हा निकाल बायकोनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं परात माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "गुरूचा शब्द मोडू नये." आजतागायत मोडलेला नाही!