स्पॅनिशच्या पहिल्या इयत्तेत दोन विहिणी

माझी विहीण अकोल्याची आणि मी अमरावतीची. मधे मूर्तिजापूर अन् बडनेरा, एवढंच काय ते अंतर. पण मुलांचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघींनी ते मोठ्या निष्ठेने जपलं होतं. सणावाराला फोन, कार्यप्रसंगी साडी, आणि बोलताना इतकं 'अहो ताई, तुम्ही' की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन देशांचे राजदूत बोलताहेत.

सुनेला स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला, मुलगी झाली आणि दोघींनाही बोलावणं आलं. एकीने आधी जावं आणि एकीने नंतर, असं माझं मत होतं. नंतर कोणी जायचं, याबद्दलही मत पक्कं होतं. विहीणबाईंचंही असावं. कोणीच मागे सरलं नाही, म्हणून आम्ही एकाच विमानात शेजारी शेजारी बसून तिथे पोचलो.

घर लहान, बाळ एक आणि आज्या दोन. मी खोबरेल तेल कोमट करून आणलं की विहीणबाई तिळाच्या तेलाचे गुण सांगायच्या. त्यांनी बाळाला मोकळं निजवलं की मी येऊन गुंडाळून ठेवायची. हे सगळं अत्यंत सभ्यपणे चालायचं. "तुमचंच बरोबर असेल ताई," असं म्हणत मी माझंच करायची आणि त्याही तसंच म्हणून त्यांचंच करायच्या.

एका सकाळी सून म्हणाली की बसने दोन थांब्यांवर परक्या लोकांसाठी स्पॅनिशचा वर्ग भरतो, तुम्ही आणि मम्मी दोघी जा. "आई, तुम्हाला तर भाषांची केवढी आवड आहे."

मी उभा जन्म मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. हे ऐकून मी इतकी फुगले की आमची नावं आधीच नोंदवून झाली आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सुनेला सकाळी दोन तास झोप हवी होती आणि त्यासाठी दोन्ही आज्या घराबाहेर काढणं भाग होतं. हे मला बऱ्याच दिवसांनी विहीणबाईंनीच सांगितलं. त्यांना ते त्याच सकाळी कळलं होतं. त्या अकोल्याला बँकेच्या शाखाधिकारी होत्या. समोरचा माणूस कशासाठी गोड बोलतो आहे, हे ओळखण्यातच त्यांची सारी नोकरी सरली.

वर्गात निरनिराळ्या देशांचे दहाबारा जण होते. शिक्षिका माझ्या मुलापेक्षा लहान. कुरळे केस, हातवारे भरपूर. पहिल्याच दिवशी तिने विचारलं की तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण? वर्गाला आपलं इंग्रजी कळावं म्हणून मी उठूनच उभी राहिले. सांगितलं की ही माझ्या मुलाच्या बायकोची आई. शिक्षिकेच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग मी म्हटलं की मी हिच्या मुलीच्या नवऱ्याची आई. पाठीमागचा एक जण बोटं मोजायला लागला. शेवटी विहीणबाई उठल्या. फळ्यावर त्यांनी खाली एक मुलगा आणि एक मुलगी काढली, वर दोन बाया काढल्या आणि त्या दोघींच्या मधे रेघ ओढली.

"आ, कॉनस्वेग्रास!" शिक्षिका म्हणाली.

तो शब्द मी ओठांतल्या ओठांत घोळवून पाहिला. इंग्रजीत हे नातं सांगायचं तर अख्खं वाक्य लागतं, आणि इथे सरळ शब्दच होता.

"म्हंजे यायच्यातबी विहिणी असतात," विहीणबाई समाधानाने म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुढचा धडा 'तू' आणि 'उस्तेद'चा. तू म्हणजे आपलं तूच, आणि उस्तेद म्हणजे तुम्ही. शिक्षिकेने जोड्या पाडल्या आणि घरच्या माणसाला तू म्हणायचं असं सांगितलं. मी हात वर करून तिला इंग्रजीत समजावलं की आम्ही तशा प्रकारच्या घरच्या नाही. ती हसली, आणि तरी तूच म्हणा, म्हणाली. माझ्या तोंडून उस्तेदच येत राहिलं. विहीणबाईंनी मात्र मला अकरा वेळा 'तू' म्हणून घेतलं. बसमध्येही ते थांबलं नाही.

"तू खिडकीपाशी बस," त्या म्हणाल्या. "तुले गरगरते ना."

मला गरगरतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. विमानात मी डोळे मिटून बसले होते, ते त्यांनी पाहिलं असणार. मी खिडकीपाशी बसले आणि 'थँक यू ताई' म्हणाले. इंग्रजीत तू-तुम्हीची भानगडच नाही.

मी वर्गात पहिली येणार, याबद्दल मला शंका नव्हती. घरी मी क्रियापदांचे तक्ते करून न्हाणीघराच्या दारावर चिकटवले. जावयाची अंघोळ लांबते आहे, असं विहीणबाई एकदा म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, मुलगा तक्ते पाठ करतो आहे. अडचण अशी, की मी प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत मांडायची आणि मग तिकडे न्यायची. आवडीनिवडींच्या धड्यात मी 'आय लाइक'वरून 'यो गुस्तो' केलं आणि आंबा, पुरणपोळी, वाचन सगळ्यांच्या आधी ते लावत सुटले. शिक्षिका दर वेळी 'मे गुस्ता' म्हणून दुरुस्त करायची. मला वाटायचं, ही दुसरी एखादी पद्धत असेल.

विहीणबाईंना ते एका झटक्यात जमलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यात काय हाय? मले आवडते. मे गुस्ता. तू काहून इंग्रजीतून फिरून येते?"

मग त्यांनी शिक्षिकेला विचारून मला यो गुस्तोचा अर्थही सांगितला. त्याचा अर्थ होतो, मी आवडते. म्हणजे तीन दिवस मी वर्गापुढे उभी राहून, मी लोकांना आवडते, असं जाहीर करत होते, आणि पुरावा म्हणून पुरणपोळी सांगत होते.

एवढ्यावर शहाणी झाले असते तर पुढचं टळलं असतं. सुनेसाठी घरचं तूप कढवावं, असं माझ्या मनात आलं. लोण्याला मान्तेकिया म्हणतात, हे वर्गात झालं होतं. शेवटी 'इया' लावला की वस्तू लहान होते, हेही झालं होतं. मी तर्क केला की मान्तेकिया म्हणजे लहानशी वडी, आणि मला तर भरपूर लोणी हवं. तेव्हा 'इया' काढून मागायला पाहिजे. कोणालाही न सांगता मी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि मान्तेका मागितलं. दुकानदारीण काहीतरी लांबलचक बोलली. मी 'सी, सी' म्हटलं. तिने पांढऱ्याशुभ्र लोण्याचा मोठा डबा दिला. परत येताना व्याकरणाच्या विजयाने माझं पाऊल हलकं पडत होतं.

डबा पातेल्यात उपडा करून मी गॅस लावला. लोणी पटकन विरघळलं, पण बेरी काही धरेना. वासही वेगळाच यायला लागला. परदेशी गाईंचा असेल, असं मी स्वतःला समजावत ढवळत होते, तेवढ्यात विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी वास घेतला, रिकामा डबा उचलला आणि फिरवून माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावला. एका बाजूला छोटंसं, हसरं डुक्कर छापलेलं होतं.

आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. विहीणबाईंकडे मटण व्हायचं, म्हणून सोयरीक ठरताना मी नाकाशी पदर धरायचाच काय तो बाकी ठेवला होता. त्यांच्या समोरच मी आता डुकराची चरबी कढवत उभी होते.

त्यांनी गॅस बंद केला आणि खिडकी उघडली.

"आमी मटण खातो," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण एवढी हिंमत आमच्याच्यानंबी झाली नाई."

मी स्टुलावर बसले आणि माझे खांदे हलायला लागले. मी रडते आहे असं वाटून त्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, मग त्यांना माझं तोंड दिसलं. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो, कारण शेजारच्या खोलीत बाळ आणि बाळाची आई झोपलेली होती. चरबी निवल्यावर त्यांनी ती डब्यात भरून, पिशवीत बांधून खाली नेऊन टाकली. पातेलंही नेलं. संध्याकाळी मुलाने वासाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की लोणी नासकं निघालं. पातेल्याचं कोणी विचारलं नाही.

वर्ग संपताना परीक्षा झाली. विहीणबाई पुढच्या पायरीला पात्र ठरल्या. माझ्या कागदावर मी नियमित हजर होते, असा उल्लेख होता. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या प्रगतिपुस्तकावर मी हेच लिहीत आले आहे, तेव्हा त्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

व्हिसाची मुदत संपली आणि आम्ही बरोबरच परत निघालो. मुंबईहून गाडी धरली. सकाळी अकोलं जवळ आलं तशी विहीणबाईंनी घराची किल्ली काढून हातात धरली. त्यांचे यजमान गेल्याला चार वर्षं झाली आहेत आणि घरी दुसरं कोणी नाही. सामान दाराशी आणून ठेवताना त्या म्हणाल्या की घर इतके दिवस बंद आहे, एकटीनं कुलूप उघडायला नको वाटते.

आजवर त्यांच्या घरी मी रीतसर निमंत्रणाशिवाय गेले नव्हते. गाडी थांबली तशी मी माझी बॅग ओढली आणि त्यांच्यामागून उतरले. फलाटावरून माझ्या यजमानांना फोन केला. ते बडनेऱ्याला मला घ्यायला निघायच्या बेतात होते. मी अकोल्यालाच उतरले, असं सांगितलं.

"काहून?" त्यांनी विचारलं. "भांडण झालं का?"

नाही म्हटलं, झाडून काढायचं आहे. चार दिवस लागतील.

कुलूप गंजलं होतं, पण उघडलं. अंगणभर कडुलिंबाचा पाला पडला होता. विहीणबाईंनी मला खराटा दिला, स्वतः पाणी भरायला लागल्या आणि आतून ओरडून सांगितलं की कोपऱ्यापासून सुरू कर.